बोलावणारे कुठे गेले?

(यवतमाळ जिल्ह्यातील बचत गट, एकल महिला गट आणि अंगणवाडी कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात एका सामाजिक कार्यकर्तीने केलेले भाषण. बोलीतील वाक्ये जशी बोलली गेली तशीच ठेवली आहेत.)

मैत्रिणींनो, आणि मागे दाराशी उभ्या असलेल्या भावांनो,

मला 'सार्वजनिक कार्यक्रम आणि स्त्रिया' या विषयावर बोलायला सांगितले आहे. विषय मोठा आहे. पण मी सुरुवात कबड्डीच्या सामन्यांपासून करणार आहे, कारण माझ्या डोक्यात हा विषय तिथूनच सुरू झाला.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात आमच्या कामाच्या भागातल्या एका गावात कबड्डीचे खुले सामने होते. गावाचे नाव सांगत नाही, कारण त्या ठिकाणी दुसरे कुठलेही गाव असते तरी हेच झाले असते. मंडळाची मुले स्वतः आमच्याकडे आली. म्हणाली, ताई, तुमच्या गटातल्या बायका छान गाणी म्हणतात, उद्घाटनाला त्यांची गाणी ठेवू. गटात अकरा जणी. त्यातल्या सात जणींचे नवरे गेलेले, सातांपैकी चौघींचे कर्जापायी. दिवसभर कापूस वेचून आल्यावर पंधरा दिवस या बायकांनी रात्री सराव केला. बचतीतून एका रंगाच्या साड्या घेतल्या.

सामन्यांना दोन दिवस उरले असताना मंडळाचा एक मुलगा आला. वर बघेना. म्हणाला, "ताई, गावात चर्चा होऊन रायली. नारळ फुटाच्या आंधी या बाया मैदानात उभ्या राह्यल्या, अन् एखांद्या पोराचा हातपाय मोडला, तर लोक आमालेच बोलतीन. आमी ऑर्केस्ट्रा सांगतला आता."

मी संतापले. अंधश्रद्धेवर बरेच बोलले. तो ऐकून निघून गेला. आमच्या गटातल्या एक काकू मात्र शांत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "आमी का सोताहून गेल्तो? थेच आल्ते ना बलावाले? मंग आता थे काहून लपून रायले?"

मी एम.एस.डब्ल्यू. शिकले. त्यात समाजरचना शिकले, पितृसत्ता शिकले. पण काकूंनी विचारलेला प्रश्न मला कोणत्याही पुस्तकात सापडला नव्हता. एखाद्या बाईला मंचावर बोलावले आणि लोकांनी ओरड केली की सगळा गाव एकच चर्चा करतो : ती बाई त्या मंचाला लायक होती की नव्हती? बोलावणारे कुठे गेले, हे कोणी विचारत नाही. आज मला तेच विचारायचे आहे.

हा प्रश्न आपल्या यवतमाळात एकदा फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता. तुमच्यातल्या बऱ्याच जणींना आठवत असेल. ११ ते १३ जानेवारी २०१९ या दिवशी यवतमाळला ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. त्याआधी आपल्याकडे संमेलन झाले ते १९७३ साली, ग. दि. माडगूळकर अध्यक्ष असताना. म्हणजे शेचाळीस वर्षांनी हा मान मिळाला होता. आणि यंदाच्या अध्यक्ष अरुणा ढेरे होत्या. संमेलनाच्या एवढ्या वर्षांच्या इतिहासात त्यांच्या आधी फक्त चार स्त्रिया अध्यक्ष झाल्या होत्या : कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके आणि विजया राजाध्यक्ष. मी तेव्हा नुकतीच कामाला लागले होते आणि फार आनंदात होते.

उद्घाटनासाठी इंग्रजीतल्या ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावले होते. वय ९१ वर्षांचे. विजयालक्ष्मी पंडित यांची मुलगी. वडील रणजित पंडित मराठी घरातले, ज्यांनी 'राजतरंगिणी' संस्कृतातून इंग्रजीत आणली. २०१५ साली लेखक-विचारवंतांच्या हत्या झाल्या तेव्हा या बाईंनी साहित्य अकादमीचा पुरस्कार परत केला होता. त्यांना बोलावताना बोलावणाऱ्यांना हे सगळे माहीत होतेच.

मग विरोध सुरू झाला. मराठीच्या संमेलनाला इंग्रजीत लिहिणारी बाई कशाला, असे म्हणून मनसेच्या स्थानिक नेत्यांनी संमेलन उधळण्याचा इशारा दिला. आणि ६ जानेवारीला, संमेलनाला पाच दिवस उरले असताना, आयोजकांनी बाईंना कळवले की तुम्ही येऊ नका. दुसऱ्याच दिवशी राज ठाकरे यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि आपला विरोध नाही असे सांगितले. म्हणजे ज्या धमकीचे कारण दिले होते, ते कारणही उरले नाही. तरी निमंत्रण पुन्हा गेले नाही. म्हणूनच अनेकांच्या मनात शंका राहिली की अडचण भाषेची होती, की बाईंनी आधीच लिहून पाठवलेल्या भाषणाची होती. ते भाषण पुढे वर्तमानपत्रांत छापून आले. देशातल्या असहिष्णुतेबद्दल त्यात स्पष्ट लिहिले होते.

बऱ्याच साहित्यिकांनी संमेलनावर बहिष्कार टाकला. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला. अरुणाताईंनी अध्यक्षपदावरूनच सांगितले की बोलावून मग नको म्हणणे चूक होते. आणि उद्घाटन केले ते आपल्याच जिल्ह्यातल्या, कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. शेतकरी नवऱ्याने आत्महत्या केलेली, अंगणवाडीत मदतनीस असलेली, 'तेरवं' या नाटकात काम करणारी ही बाई लाखमोलाचे बोलली. विधवापण हे आमच्यावर व्यवस्थेने लादलेले आहे, हे तिने मंत्र्यांसमोर सांगितले.

वैशालीताईंनी त्या दिवशी असेही म्हटले की अडचणीच्या वेळी दिल्लीची बाई कामी येत नाही, गल्लीतलीच येते. टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही टाळ्या वाजवल्या. आपल्या गावातली एक बाई त्या मंचावर उभी होती, हात आपोआपच वर गेले.

पण घरी आल्यावर मला झोप लागेना. वैशालीताईंचे बोलणे त्यांच्या जागी खरेच होते. अडचणीत शेजारीणच धावून येते, हे आपल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. पण त्या एका वाक्याचा उपयोग कोणाला झाला? दुसऱ्या दिवसापासून चर्चा सुरू झाली, दिल्लीची बरी की गल्लीची बरी? इंग्रजी बाई मोठी की शेतकरी बाई मोठी? दोन बायका तराजूच्या दोन पारड्यांत बसल्या आणि तराजू हातात धरणारा कोणाला दिसेना. एका बाईचा अपमान झाला होता. तो झाकायला दुसऱ्या बाईचा सन्मान पुढे केला गेला. वैशालीताईंना बोलवायचेच होते तर पहिल्या दिवसापासून, नयनताराबाईंच्या शेजारी खुर्ची मांडून का बोलावले नाही? ९१ वर्षांची लेखिका आणि राजूरची अंगणवाडी मदतनीस एका मंचावर बसल्या असत्या, तर ते संमेलन आपण नातवंडांना सांगितले असते.

कोणाला वाटेल, साहित्य संमेलन कुठे आणि कबड्डीचे सामने कुठे! पण नीट पाहिले तर दोन्हीकडे एकच रीत दिसते. कारण तेवढे बदलते. आमच्या काकूंच्या वेळी कारण होते विधवा असणे. नयनताराबाईंच्या वेळी कारण होते भाषा.

भाषेचे कारण फक्त आपल्याकडेच निघते असे नाही. अमेरिकेत दरवर्षी त्यांच्या फुटबॉलचा अंतिम सामना होतो. सगळा देश तो पाहतो आणि मध्यंतरात एखादा मोठा गायक गातो. फेब्रुवारी २०२६ च्या सामन्यासाठी बॅड बनी या गायकाचे नाव सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. तो पोर्तो रिको बेटावरचा आणि गातो स्पॅनिशमध्ये. लगेच ओरड झाली की हा अमेरिकन नाही, इंग्रजीत गात नाही, याला काढा. खरे तर पोर्तो रिकोचे लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत. पण माहितीने अशी ओरड थांबत नसते. तिथे फरक पडला तो पुढे. सामने भरवणाऱ्यांनी सांगितले की आम्ही नाव बदलणार नाही. तो गायला, आणि स्पॅनिशमध्येच गायला. ज्यांना तो नको होता, त्यांनी त्याच वेळी आपला वेगळा गाण्याचा कार्यक्रम केला. करू द्या! त्यांना तो हक्क आहे. त्या सामन्यांच्या मालकांना स्त्री-पुरुष समतेचा किंवा अल्पसंख्याकांचा कळवळा आहे, असे मी म्हणत नाही. तो पैशांचा बाजार आहे आणि स्पॅनिश बोलणारे ग्राहकही त्यांना हवे आहेत. तरी एवढे म्हणेन की त्यांनी बोलावलेल्या माणसाला तोंडघशी पाडले नाही. बाजार चालवणाऱ्यांना जे जमले, ते सरस्वतीपूजकांना जमू नये?

आता आपल्या राज्यातले खेळाचे मैदान पाहा. एप्रिल २००८ मध्ये आयपीएल सुरू झाले. चौकार-षटकाराला नाचायला परदेशातून मुली आणल्या. तेव्हा कारण निघाले कपड्यांचे. आपल्या राज्याचे त्या वेळचे गृहराज्यमंत्री सिद्धाराम म्हेत्रे यांनी हे नाच अश्लील ठरवले. बंदीची भाषा झाली. त्याच्या तीन वर्षे आधी, २००५ मध्ये, याच राज्याने डान्स बार बंद केले होते. त्या कायद्यात तीन आणि त्यावरील तारे असलेल्या हॉटेलांना मोकळीक होती. गरीब गिऱ्हाइकासमोर नाचली तर संस्कृती बुडते, श्रीमंतासमोर नाचली तर बुडत नाही! सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही बंदी उचलून धरली नाही. पण मधल्या आठ वर्षांत हजारो बायकांच्या घरची चूल कशी पेटली, हे कोणत्या मंत्र्याने विचारले?

आयपीएलमधल्या त्या मुलींना मैदानावर काय सोसावे लागते याबद्दल २००८ मध्ये फारसे कोणी बोलले नाही. त्याच हंगामात मोहालीत दोन कृष्णवर्णीय ब्रिटिश मुलींनी सांगितले की त्यांच्या रंगामुळे त्यांना मैदानात जाऊ दिले नाही. २०११ मध्ये मुंबईच्या संघाबरोबर आलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या एका नर्तकीने खेळाडू मुलींशी कसे वागतात ते लिहिले, तर तिलाच घरी पाठवले. तिचे अर्धे कपडे चालले. तिचे पूर्ण वाक्य चालले नाही.

आणि गौतमी पाटील. तिच्या नाचावर २०२२ पासून राज्यभर वाद झाला. जुन्या लावणी कलावंतांनी हरकत घेतली, पुढाऱ्यांनी हरकत घेतली. तिने एकदा माफीही मागितली. पाटील आडनाव लावू नकोस, असेही लोक म्हणाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये ती कपडे बदलत असतानाचे चोरून केलेले चित्रण पसरवले गेले. पोलिसांत गुन्हा दाखल झाला. तिचे कार्यक्रम कोण ठरवत होते? पुढाऱ्यांचे वाढदिवस, यात्रा, मंडळे. सुपारी देणारे पुरुष, शिट्ट्या मारणारे पुरुष, दुसऱ्या दिवशी संस्कृती बुडाली म्हणणारेही पुरुष. आणि बिघडलेली कोण? गौतमी!

इथे मला आपल्याच चळवळीबद्दल बोलले पाहिजे, नाहीतर ते अर्धे बोलणे होईल. आपणही हरकती घेतल्या आहेत. १९९६ मध्ये बंगलोरला जगत्सुंदरी स्पर्धा झाली, तेव्हा स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या होत्या. डान्स बारच्या प्रश्नावर तर आपल्यात सरळ दोन तट पडले. एक बाजू म्हणाली, बायकांची रोजी काढून घेऊ नका. दुसरी बाजू, विशेषतः दलित स्त्री संघटनांतल्या मैत्रिणी, म्हणाल्या की जातीने लादलेला नाच हे आमचे स्वातंत्र्य नाही. दोघींचेही ऐकण्यासारखे होते. तेव्हा मी तुम्हाला असे सांगत नाही की हरकत घेऊच नका. गावच्या यात्रेत रात्री चालणारा प्रकार तुम्हाला नको असेल तर जरूर बोला. फक्त बोलताना दोन गोष्टी पाहा. एक, हरकत बोलावणाऱ्याच्या दारात न्या, नाचणारीच्या नको. मंडळाला विचारा, वर्गणी आमची, पैसा कशावर खर्च करता? दोन, निषेध करा, काळे झेंडे दाखवा, सभा घ्या, उठून निघून जा. पण उधळून लावू असे म्हणू नका. कारण आज धमकीने गौतमीचा कार्यक्रम बंद पडला, तर उद्या त्याच धमकीने तुमची ग्रामसभा बंद पडेल. हे शस्त्र आपल्या हातात कधीच राहत नाही.

हे सगळे सांगायचे कारण असे की येत्या हंगामात तुमच्या गावांत सामने होतील, शंकरपट होतील, दुर्गोत्सव होतील. मंडळाची मुले तुमच्या गटाला गायला बोलावतील. जरूर जा. पण जाण्याआधी थोडे सावध असा.

निमंत्रण लेखी मागा. चार ओळी पुरतात : तारीख, वेळ, काय म्हणायचे, मानधन किती. लेखी दिलेले माघारी घ्यायलाही लेखीच लागते, आणि 'तुम्ही विधवा म्हणून नको' हे कागदावर लिहायला माणूस कचरतो. कपडे बदलायला चार भिंतींची जागा आणि बाथरूम आधी पाहून या. मंडळाच्या समितीत किमान दोन बायका घ्यायला लावा, आणि त्या नुसत्या हळदीकुंकवापुरत्या नकोत. वर्गणीचा हिशोब त्यांनी बघावा. विधवेला शुभकार्यात बाजूला सारण्याची रीत कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून बंद केली आणि शासनानेही इतर गावांना तसे करायला सांगितले. आपल्या ग्रामसभेत तो ठराव मांडा. आणि सगळ्यात महत्त्वाचे, एकीचे निमंत्रण काढून दुसरीला दिले तर दुसरीने आधी पहिलीला भेटावे. जायचे की नाही हे मग दोघींनी मिळून ठरवावे. तिची गरज असेल तर ती जाईल, आपण तिला दोष देणार नाही. पण निदान मंचावरून ती पहिलीचे नाव तरी घेईल. आमच्याऐवजी वैशालीताईंच्या जागी मी असते, तर मला हे त्या क्षणी सुचले असते की नाही, कोण जाणे. म्हणून आधीच बोलून ठेवायचे.

आता त्या कबड्डीच्या गावात पुढे काय झाले ते सांगते.

आमच्या अकरा जणी उद्घाटनाला गेल्या. त्याच साड्या नेसून गेल्या आणि प्रेक्षकांत पहिल्या रांगेत बसल्या. नारळ फुटला. कोणाचा हातपाय मोडला नाही. संध्याकाळी ऑर्केस्ट्रा आला. त्यात गाणारी-नाचणारी एक मुलगी होती, असेल वीस-बावीस वर्षांची. तिला कपडे बदलायला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे ताडपत्री लावून दिली होती. आणि पोरे ट्रॉलीवर चढून वाकून पाहत होती.

माझे लक्ष जायच्या आधी काकू उठल्या. त्यांच्यामागे बाकीच्या उठल्या. कोणाच्या पिशवीतून चादर निघाली, कोणी अंगावरची शाल काढली. त्या अकरा जणींनी ट्रॉलीभोवती गोल केला आणि त्या मुलीकडे पाठ करून उभ्या राहिल्या. पोरे खाली उतरली. मुलगी आत कपडे बदलत होती आणि बाहेर काकू तिला विचारत होत्या, "जेवली का वं माय?"

त्या पोरीला आमच्या बायकांच्या जागी आणले होते. रागच धरायचा तर तिच्यावर धरता आला असता. ती कमी कपड्यांत नाचणार होती आणि या बायकांना पूर्ण साडीतही उभे राहू दिले नव्हते. पण काकूंना पहिल्या दिवसापासून कळले होते की तक्रार तिच्याशी नाहीच.

मंडळाने पुढच्या वर्षीही आमच्या गटाला बोलावले नाही. हे मी लपवत नाही. शेजारच्या गावाने मात्र बोलावले, लेखी बोलावले. तो कागद काकूंनी जपून ठेवला आहे, त्यांना वाचता येत नसले तरी.

आज जेवणानंतर गटागटाने बसाल तेव्हा एका प्रश्नावर बोला. तुमच्या गावात मागच्या पाच वर्षांत कोणत्या बाईला बोलावून मग नको म्हटले? तिचे नाव लिहा. आणि त्या नावाशेजारी बोलावणाऱ्याचेही नाव लिहा.